मेल आला होता, मग गेला कुठे?

घरी एक कॉम्प्युटर, ऑफिसात एक, खिशात मोबाईल... आणि नेमका हवा तो मेल भलतीकडेच! पॉप की आयमॅप, हा प्रश्न तुम्हाला बोअर वाटतो ना? मलाही वाटायचा. त्र्यंबकेश्वरच्या एका पावसाळी सकाळपर्यंत.

मंगळवार, सकाळचे पावणेसात. पाऊस असा की समोरचा ब्रह्मगिरी जागेवर आहे की कुणी उचलून नेलाय, तेच कळत नव्हतं. मी मामांच्या वाड्यात, गोधडीत गुरफटलेली. शनिवार-रविवारला जोडून आणखी दोन दिवस ‘वर्क फ्रॉम मामा’ चाललेलं होतं. (फ्रीलान्सर असण्याचा हा बहुधा एकमेव फायदा.) तेवढ्यात ओटीवरून मामीची हाक आली, “अगं ऊठ, कोणीतरी आलंय. मामांना विचारतायत.”

दारात भाड्याची इनोव्हा उभी. त्यातून उतरलेले पन्नाशीचे एक गृहस्थ, त्यांची बायको, म्हाताऱ्या आई आणि जेटलॅगनं पेंगुळलेला कॉलेजवयीन मुलगा. हातात कोऱ्या पांढऱ्या धोतराची घडी.

“गुरुजींना सांगाल का? आम्ही न्यू जर्सीहून आलोय. आजपासून आमचं नारायण नागबळी आहे.”

मामांच्या डायरीत ते गुरुवारी होतं. आणि खुद्द मामा आदल्या रात्रीच नाशिकला गेले होते.

“पण आम्ही मेल केला होता,” काका म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. परतीचं विमान अलीकडे आलं, गुरुवारी सुरू केलं तर तीन दिवस पुरणार नाहीत, तेव्हा मंगळवारचा मुहूर्त धरा, अडचण असेल तर कळवा, नाहीतर आम्ही पोहोचतोच, असं त्यांनी पाच दिवसांपूर्वी लिहिलं होतं. कोणी काही कळवलं नाही. म्हणजे अडचण नाही. म्हणून ते पोहोचले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी. मुहूर्त ठरलेले असतात, मधूनच उठून जाता येत नाही. अकाली गेलेल्या माणसासाठी करतात. या काकांचा धाकटा भाऊ अपघातात गेला होता. आजी काही न बोलता ओटीवरच्या बाकावर बसल्या होत्या. तुमचा विश्वास असो वा नसो, त्या बाईंना ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल’ असं सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

मी दादाला, म्हणजे मामेभावाला, फोन लावला. दादा नाशिकला गंगापूर रोडला राहतो, आयटीत आहे आणि मामांच्या मेलचं खातं तोच बघतो. तो झोपेतच म्हणाला, “असला मेल आलेलाच नाहीये. माझ्या लॅपटॉपवर नाही, मोबाईलवर नाही. थांब हं... गेल्या आठवड्यात एक नोटिफिकेशन आल्यासारखं वाटलं होतं. उघडायला गेलो तर काहीच नव्हतं. म्हटलं भास झाला असेल.”

भासबिस काही नव्हता. मी पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला (त्या खोलीला घरात सगळे ‘ऑफिस’ म्हणतात). इनबॉक्समध्ये वरून चौथा, ठळक अक्षरात, कुणीही न उघडलेला तो मेल शांतपणे बसला होता.

मेल पळवणारा कॉम्प्युटर

झालं होतं ते असं. मामांची स्वतःची वेबसाईट आहे आणि तिच्याच नावाचा मेल आयडी. गावातल्या यजमानांचं सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं, पण परदेशातले लोक अजून मेलच करतात. गोत्र, नावं, तिथी, कोण कोण येणार, सगळं मुद्देसूद. हे खातं तीन ठिकाणी जोडलेलं. त्र्यंबकच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, दादाचा घरचा लॅपटॉप आणि त्याचा मोबाईल. लॅपटॉप आणि मोबाईल आयमॅपवर. त्र्यंबकचा डबा मात्र जुन्या काळापासून पॉपवर.

आता तुम्ही म्हणाल, हा काय फंडा आहे? एकदम सोपा आहे, बघा.

तुमचा मेल आधी पोहोचतो तो मेल सर्व्हरवर. तिथून तो तुमच्यासमोर कसा यायचा, याच्या दोन पद्धती. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आणि हे नाव अगदी फिट्ट आहे. पूर्वी पोस्टात जाऊन ‘माझी पत्रं आलीत का हो?’ असं विचारायचे ना, तसं. पत्रं घेतली, पिशवीत टाकली, घरी आणली. खिडकीवर मागे काही उरलं नाही. घरातलं दुसरं कोणी अर्ध्या तासानं विचारायला गेलं तर पोस्टमास्तर म्हणणार, ‘काही नाही बुवा.’ आणि तो खोटं बोलत नसतो!

आयमॅपमध्ये पत्रं पोस्टातच राहतात. तुम्ही काचेतून वाचायचं. घरून वाचा, ऑफिसातून वाचा, रिक्षात बसून मोबाईलवर वाचा. पत्रं तीच, जागा तीच. एकानं वाचलं की सगळीकडे ‘वाचलं’ अशी खूण. एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकलं की सगळीकडे टाकलं जातं.

त्र्यंबकचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी पोस्टात जाऊन सगळी पत्रं उचलून आणत होता. दादाच्या मोबाईलवर मेल चमकला तो मधल्या त्या चार-पाच मिनिटांत. मग पॉपनं सर्व्हर साफ केला. सर्व्हरच रिकामा, तर आयमॅप दाखवणार काय? कप्पाळ!

म्हणजे तुमच्याकडेही मोबाईलवर मेल आल्यासारखा वाटून गायब होत असेल, तर भूतबाधा वगैरे समजू नका. कुठला तरी जुना कॉम्प्युटर, घरातल्या कोपऱ्यातला किंवा ऑफिसातल्या रिकाम्या टेबलावरचा, अजून इमानेइतबारे पॉप करतोय. तो आधी शोधा.

आता यातला खरा किस्सा. पॉपमध्येही एक पर्याय असतो, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’. त्यावर टिक असली की मेल उतरवूनही मूळ तिथेच राहतो. आउटलुकच्या बऱ्याच आवृत्त्यांत ही टिक आपोआप असते, आणि चौदा दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. मग मामांच्या कॉम्प्युटरवरची टिक कोणी काढली?

दादानं! तीन महिन्यांपूर्वी. मेलबॉक्स भरत आलाय अशा सूचना रोज यायला लागल्या, हा गडी सणासुदीला त्र्यंबकला आलेला, घाईत टिक काढली, जागा मोकळी झाली, प्रश्न मिटला. नंतर स्वतःच विसरला. आयटीतला माणूस! मी हे त्याला आयुष्यभर ऐकवणार आहे.

मीटर पडायचं तेव्हाची गोष्ट

पण पॉपला उगाच शिव्या घालू नका. त्याच्या जन्मवेळी ते अगदी शहाणपणाचं होतं. पॉपचा पहिला आराखडा १९८४ चा, आज आपण वापरतो तो पॉप थ्री १९८८ चा. आयमॅपही काही कालचं पोर नाही. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ते १९८६ मध्ये तयार केलं. म्हणजे दोघंही जवळपास एकाच वयाचे. तरी आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं ते पॉपच. का?

कारण मीटर. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा ते फोनच्या तारेवरून यायचं. फोनचं बिल वेगळं, इंटरनेटचे तास वेगळे. लाइन जोडली असताना घरचा फोन बंद. अशा वेळी काचेतून पत्रं वाचत कोण बसणार? लाइन जोडा, मेल खेचा, लाइन तोडा, मग चहा घेत निवांत वाचा. मामांचा तो ‘कर्र्र खर्र्र टुंई’ करणारा मोडेम मला अजून आठवतो. मी सात-आठ वर्षांची असेन. तो आवाज सुरू झाला की आम्ही मुलं गप्प बसायचो, जणू मोठ्याने बोललं तर लाइन तुटेल.

सर्व्हरवर जागाही नव्हती. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि एक जीबी देतो म्हणालं, तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं, कारण हॉटमेल तेव्हा दोन एमबी द्यायचं. दोन एमबी! आज तुमचा एक सेल्फी त्यात मावणार नाही. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ‘ब्रॉडबँड’. त्या जमान्यात पत्रं घरी उचलून आणणं हेच शहाणपण.

जाता जाता एक गंमत. पॉपच्या काळातला एक लाडका मेल प्रोग्रॅम होता, युडोरा. त्याचं नाव अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांच्यावरून ठेवलेलं, कारण त्यांची पोस्टात मुक्काम ठोकणाऱ्या बाईची एक कथा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आठवली होती.

आता मीटरही नाही आणि दोन एमबीही नाहीत. पण आपल्या सवयी आणि आपले जुने कॉम्प्युटर तिथेच थांबलेत.

मग आयमॅप झिंदाबाद?

घरी एक आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर असेल, दोन्हीकडून तेच खातं बघत असाल, तर माझं उत्तर सरळ आहे. आयमॅप घ्या. कारण फक्त आलेल्या मेलचं नसतं. पॉपला इनबॉक्सपलीकडे काही दिसतच नाही. तुम्ही ऑफिसातून पाठवलेला मेल ऑफिसातल्याच कॉम्प्युटरच्या ‘सेंट’मध्ये राहतो. रात्री घरी बॉसचा फोन येतो, ‘तू क्लायंटला नक्की काय लिहिलं होतंस?’ आणि तुम्ही ततपप. ‘प्रत ठेवा’ची टिक लावली तरी हे दुखणं बरं होत नाही. शिवाय ऑफिसात वाचलेले पन्नास मेल घरी पुन्हा नवेकोरे म्हणून येतात, ते वेगळंच. जीमेलचं पॉप तर आणखी तऱ्हेवाईक. एका कॉम्प्युटरनं मेल नेला की दुसऱ्याला तो सहसा देतच नाही, सर्व्हरवर असला तरी.

पण थांबा, टाळ्या वाजवू नका. आयमॅपनं मलाही एकदा रडवलंय.

दोन वर्षांपूर्वी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर साफसफाई करत होते. एका फोल्डरमधलं सगळं निवडलं, डिलीट. वाटलं, मोबाईलवरून जातंय, लॅपटॉपवर आहेच की. आयमॅपमध्ये ‘लॅपटॉपवर आहेच’ असं काही नसतं, बाईसाहेब! काचेमागचं पत्र फाडलं की ते सगळ्यांसाठी फाटलं. त्या फोल्डरमध्ये माझ्या बिलांचे आणि मानधन ठरवल्याचे मेल होते. मला कळलं दीड महिन्यानं. कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी झालेली. एका मासिकाकडून माझे पैसे यायचे होते, आणि ठरलेला आकडा लिहिलेला एकमेव मेल मीच माझ्या हातानं उडवलेला. पुढे जे मिळालं ते मुकाट्यानं घेतलं. आकडा विचारू नका.

म्हणजे पॉपमध्ये तुमचा मेल एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर, ती गेली की मेल गेला. आयमॅपमध्ये तो सर्व्हरवर, तिथून पुसला की गेला. दोन्हीकडे मूळ प्रत एकच. फरक इतकाच, की ती कुठे ठेवलीय.

हे मी त्या दिवशी दुपारी मामांना समजावत होते. (सकाळची गोष्ट सांगायची राहिली. मामा नऊला धावतपळत आले. त्याआधीच मामीनं भावकीतल्या एका गुरुजींना गाठलं होतं आणि त्यांनी पहिल्या दिवसाची तयारी सुरू केली होती. ती मंडळी तासभर उशिरानं का होईना, पण त्याच दिवशी बसली. मामांनी आजींची हात जोडून माफी मागितली. माझ्या मामांनी कुणाची माफी मागितलेली मी पहिल्यांदा पाहिली.)

सगळं ऐकून मामा म्हणाले, “म्हणजे आपल्या चोपड्यांसारखंच की गं.”

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं, गुरुजी लाल कापडातली चोपडी सोडणार आणि तुमच्या पणजोबांची नोंद समोर ठेवणार. मुंबईहून या, अमेरिकेहून या, चोपडी इथेच. वाचा, आपलं नाव घाला, सही करा. घरी न्यायची नाही. अस्सल आयमॅप!

“आणि उंदरांनी खाल्ली तर?” मी मुद्दाम विचारलं.

“म्हणून तर माझ्या आजोबांनी नकला करून दुसऱ्या खोलीत ठेवल्या. इथला पाऊस बघतेस ना? एकाच चोपडीवर विसंबून कोण राहील?”

आम्ही काय केलं

दादा संध्याकाळी आला. आधी खाली मान घालून मामांची बोलणी खाल्ली, मग आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. तुम्हालाही पॉपवरून आयमॅपवर जायचं असेल तर हे ऐका, कारण इथे लोक हमखास फसतात.

आउटलुकमध्ये पॉपचं खातं बदलून आयमॅप करता येत नाही. तेच खातं नव्यानं, आयमॅप म्हणून, शेजारी जोडावं लागतं. आणि जुनं पॉप खातं आधी उडवायचं नाही! वर्षानुवर्षांचे मेल त्याच कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये असतात, सर्व्हरवर नसतात. आम्ही आधी ती पीएसटी फाईल एका पेन ड्राइव्हवर आणि दादाच्या लॅपटॉपवर उतरवली. मग आयमॅपचं खातं जोडलं, जुने मेल थोडे थोडे करून त्याच्या फोल्डरमध्ये ओढले. ओढले की ते वर सर्व्हरवर चढतात आणि सगळीकडे दिसायला लागतात. त्र्यंबकच्या नेटवर याला रात्रीचे अकरा वाजले, मधे दोनदा लाइट गेली. पण झालं. हां, जागा लागते. मामांच्या खात्याची जागा पैसे भरून वाढवावी लागली. दादानं भरले, अर्थातच.

पोर्टचे आकडे एकदा बघून घ्या. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५. जुन्या सेटिंगमध्ये १४३ किंवा ११० दिसलं आणि एन्क्रिप्शन बंद असलं, तर तुमचा पासवर्ड उघड्यावरून प्रवास करतोय. जीमेलवाल्यांनी फार डोकं लावायला नको. वैयक्तिक खात्यांवर जानेवारी २०२५ पासून आयमॅप कायम सुरूच असतं. पण दुसऱ्या कंपनीचं खातं जीमेलच्या आत पॉपनं ओढून घेत असाल, तर ती सोय जानेवारी २०२६ पासून बंद करत असल्याचं गुगलनं जाहीर केलं होतं. ‘हल्ली तिकडचे मेलच येत नाहीत’ म्हणणारे माझे दोन मित्र याच कारणानं अडकले.

आणि एक, कंपनीच्या मेलचं. तो घरच्या कॉम्प्युटरवर आणायच्या आधी आयटीवाल्यांना विचारा. अनेक ठिकाणी पॉप-आयमॅप दोन्ही बंद असतात, आणि पॉपनं कंपनीचा अख्खा पत्रव्यवहार घरच्या डिस्कवर उतरवून ठेवणं नोकरीला जड जाऊ शकतं. घरून फक्त ब्राउझरमध्ये उघडा, वाचा, बंद करा.

राहता राहिला पॉप. त्याला आम्ही हाकललं नाही. मामांच्या आजोबांची ती दुसरी खोली आठवली आणि दादाच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर तेच खातं पॉपनं जोडलं, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची टिक लावून. तो रविवारी चालू करायचा, आठवड्याचे मेल उतरवायचे, बंद करायचा. मग वर सर्व्हरवर कुणी काही उडवलं तरी इथली नक्कल शाबूत. पॉपला ‘सेंट’ दिसत नाही, तेव्हा पाठवलेल्या मेलची फाईल महिन्यातून एकदा हातानं उतरवायची. ती टिक पुन्हा काढणार नाही अशी दादाकडून मी कागदावर सही घेतलीय. कागद मामीच्या कपाटात आहे.

ती मंडळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाली. जायच्या आधी मामांनी आजींना चोपडीतली त्यांच्या घराण्याची नोंद दाखवली आणि त्याखाली काकांनी धाकट्या भावाचं नाव लिहिलं. आजींनी ते अक्षर बोटानं चाचपून बघितलं.

पंधरा दिवसांनी मी परत माझ्या डेडलाइनच्या धबडग्यात असताना मामांचा फोन आला. आवाज चिंतेचा.

“अगं, न्यू जर्सीच्या यजमानांचा मेल आलाय. पोहोचलो म्हणतात, आई बऱ्या आहेत. पण तो इथेही आलाय, दादाच्या लॅपटॉपवरही आणि त्याच्या मोबाईलवरही. आता उत्तर तिन्हीकडून द्यायचं का?”